‘परदेशात पाठवलेली पोरं परत येत नाहीत’ : निपाणीच्या एका मामाचं उत्तर

गेल्या रविवारी दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, तो फॉर्म ऱ्हाऊ दे. कशाला उगच," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा तो फॉर्म, दोन महिने आम्ही दोघं त्याची कागदं गोळा करतोय. काय झालं म्हणून विचारलं तर तिनं एक मेसेज पाठवला. तिच्या सख्ख्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकलेला, खाली हात जोडल्याचं चिन्ह आणि ‘वाचा आणि विचार करा’. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ठिकाणांहून आला: खानापूरच्या एका मास्तरांकडून, शहापूरच्या मित्राकडून आणि इथल्याच तरुण मंडळाच्या ग्रुपवरून. म्हणजे सगळा सीमाभाग फिरून झालाय त्याचा.

मेसेज लांबलचक आहे, पण मुद्दे पाचच. सरकार दरवर्षी हजारो पोरांना शिष्यवृत्ती देऊन परदेशात पाठवतं आणि टॅक्स भरणाऱ्यांचे पैसे उधळतं. तिथं गुणवत्ता लागत नाही, जातीचा दाखला पुरतो. गेलेला एकही परत येत नाही. बाबासाहेब आंबेडकर कुणाच्या शिष्यवृत्तीवर शिकले नाहीत, स्वतःच्या कष्टावर शिकले, मग आजच्या पोरांना कशाला पाहिजे? आणि शेवटी खास आपल्यासाठी: सीमाभागातल्या मराठी पोरांनी या भानगडीत पडूच नये, कर्नाटक देणार नाही आणि महाराष्ट्र विचारणार नाही.

आधी त्या ‘हजारो’चं बघू. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची जुनी योजना म्हणजे नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. 1954-55 पासून चालू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नियमावलीत जागा मोजून दिल्यात: वर्षाला 125. त्यातल्या 115 अनुसूचित जातींना, 6 भटक्या-विमुक्तांना, 4 भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना. आदिवासी मंत्रालयाच्या वेगळ्या 20. सगळे मिळून 145, अख्ख्या देशातून. यंदा एवढी पोरं तर आमच्या गल्लीच्या आसपासच्या दोन शाळांतून दहावीला बसली असतील. पैशाचं म्हणाल तर 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्या 125 जागांच्या योजनेला 130 कोटी होते. देशाच्या लोकसंख्येनं भागा, माणशी वर्षाला एक रुपयासुद्धा पडत नाही. आणि टॅक्स भरतं कोण? माझी बहीण इन्कम टॅक्स भरत नाही, पण साबण, टूथपेस्ट, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यावर जीएसटी भरते. तिचे पैसे त्यात नाहीत असं कुणी ठरवलं?

गुणवत्तेचं दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याला जास्त वेळ देण्यात अर्थ नाही. पदवीला किमान 60 टक्के लागतात, वय 35 च्या आत, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मधल्या विद्यापीठाचा विनाअट प्रवेश हातात पाहिजे. ते विद्यापीठ जातीचा दाखला बघत नाही, मार्क बघतं, इंग्रजीची परीक्षा बघतं, प्राध्यापकांची पत्रं बघतं. माझी भाची चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीच्या परीक्षेसाठी तिनं आठ महिने पहाटे पाचला उठून मोबाइलवर बातम्या ऐकल्या. शेजारच्या खोलीत आई विड्यांसाठी रात्री भिजत घातलेली तेंदूची पानं निवडत असायची.

आता बाबासाहेबांचं. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण हे निपाणीत फिरतंय. 1925 साली बाबासाहेब याच गावात परिषदेला आले होते. आमच्या आजोबांच्या पिढीनं ते डोळ्यांनी बघितलंय. आणि त्याच गावातल्या ग्रुपवर त्यांचा फोटो लावून खोटं लिहायचं?

बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. सयाजीराव राजे होते, म्हणजे ते पैसे राज्याच्या खजिन्यातले, आजच्या भाषेत सरकारी. परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची असा करारही होता. 1915 ला एम.ए. झाले, तिथून लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा लंडनला जायला 1920 उजाडलं. मधल्या काळात मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावात मार्च 1920 मध्ये शाहू महाराजांनी भर परिषदेत ‘हा तुमचा पुढारी’ म्हणून त्यांना लोकांपुढं उभं केलं. त्यानंतर तीन-चार महिन्यांत ते लंडनला गेले.

कष्ट केले नाहीत असं कोण म्हणतंय? एक वेळ उपाशी राहून ग्रंथालयात बसणारा माणूस तो. पण कष्टाला खजिन्याची जोड मिळाली म्हणून तो न्यूयॉर्कला पोचला. ती नसती तर त्याच बुद्धीचा माणूस कुठल्या तरी कचेरीत खर्डेघाशी करत राहिला असता. त्या शिक्षणातून देशाला काय मिळालं ते वेगळं सांगायला पाहिजे का? 1923 साली लंडनहून रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ आला, पुढं चलनाच्या रॉयल कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली आणि शेवटी राज्यघटना. महिन्याच्या साडेअकरा पौंडांतून हे उभं राहिलं.

‘परत येत नाहीत’ या मुद्द्यावरही मी बाबासाहेबांपाशीच थांबतो. 1917 ला ते परत आले. करार पाळायला बडोद्याला गेले. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस, महाराजांच्या नोकरीत, आणि अख्ख्या शहरात त्याला भाड्यानं खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत होता. बागेत झाडाखाली बसून रडले आणि मुंबईची गाडी धरली. परत आलेल्याला आपण असं वागवलं. तेव्हा कोण परत येत नाही हे मोजायचं असेल तर आलेल्यांना आपण काय दिलं तेही मोजा.

परत येणारे नसतात असंही नाही. र. पु. परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, 1899 साली सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेतला पहिला मान. तिकडं राहिले असते तर कोण अडवणार होतं? परत येऊन पुण्यात फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं शिकवत राहिले.

काही पोरं तिकडंच राहतात, हे मी नाकारत नाही. पण केंद्राच्या योजनेत मुलाला बाँड लिहून द्यावा लागतो, अटी मोडल्या तर पैसे वसूल होतात. बँकेचं कर्ज काढून किंवा बापाच्या पैशानं गेलेल्यांना असला कुठलाच बाँड नसतो. तिकडं स्थायिक होणाऱ्यांत मोठा भरणा त्यांचाच आहे. त्यांच्या घरी मात्र आपण पेढे खायला जातो.

आता ज्या मुद्द्यानं माझी भाची गप्प झाली त्याकडं येतो. ‘सीमाभागातल्या मराठी पोरांनी अर्जच करू नये.’

यातलं अर्धं खरं आहे आणि ते सांगताना मला त्रास होतो. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा मुलांसाठी महाराष्ट्र सरकारच्याच ‘सारथी’ संस्थेची सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, या चांगल्या योजना आहेत, प्रत्येकी वर्षाला 75 पोरं जातात. पण त्यांना महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांनी कुठून आणायचं? महाराष्ट्र 865 गावांवर हक्क सांगतो, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आपल्या पोरांना ‘टाइप ई’ म्हणून वेगळा रकानाही आहे. तसाच रकाना परदेशी शिष्यवृत्तीतही पाहिजे, ही मागणी आपल्या पुढाऱ्यांनी करायला पाहिजे. पत्रकं काढताना तेवढं लक्षात ठेवावं.

पण यावरून ‘अर्जच करू नका’ कुठून निघालं? केंद्राच्या योजनेत मातृभाषेचा रकाना नाही. जात, उत्पन्न, मार्क, प्रवेश, बस्स. कर्नाटकच्या समाजकल्याण खात्याची ‘प्रबुद्ध’ नावाची योजना आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर पूर्ण खर्च. तीही तुम्ही घरी कुठली भाषा बोलता ते विचारत नाही. सगळ्यांना खुली अशी फुलब्राइट-नेहरू आहे, भारत आणि अमेरिका दोघं मिळून पैसे घालतात. तिथंही निपाणी कुठल्या राज्यात हा वाद कुणी काढत नाही.

आपल्या पोरांना अडवतं ते कागद. हे मी दोन महिने बघतोय. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल खात्याच्या कार्यालयातून निघतो, कन्नडमध्ये, वर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक. तो नंबर बरोबर असला की काम पुढं सरकतं. भाचीचं आडनाव कांबळे. तिच्या मार्कशीटवर इंग्रजीत ‘बी’च्या पुढं लगेच ‘एल’ आहे, आधारवर मध्ये एक ‘ए’ जास्तीचा, कारण कुणी तरी कन्नडवरून इंग्रजी करताना तो घातला. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, नोटरी, पुन्हा आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणं. एका कार्यालयात मी मराठीत विचारलं तर खिडकीतल्या माणसानं मान वर केली नाही. कन्नडमध्ये विचारलं तेव्हा कागद घेतला. राग आला, पण कागद त्यानं घेतला आणि चार दिवसांत दाखलाही दिला. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच सीमाभागाची काळजी असती तर त्यानं लिहिलं असतं की नाव सगळीकडं एकसारखं करून घ्या, आरडी नंबर तपासा, पासपोर्ट आधीच काढा. त्यातलं एकही वाक्य त्यात नाही. ‘जाऊ नका’ एवढंच आहे.

आणि या योजनेवर रागवायचंच असेल तर जागा आहेत. 2025 साली 106 जणांची निवड झाली आणि आधी पत्रं मिळाली फक्त 40 जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी आला तर बघू. प्रवेश हातात, सप्टेंबर तोंडावर, आणि पैसे नाहीत. 2022 च्या नियमावलीनं भारताचा इतिहास, संस्कृती, समाज या विषयांवर परदेशात शिकायला शिष्यवृत्ती बंद केली. म्हणजे बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, तसल्या अभ्यासाला आज ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या दोन गोष्टींवर मेसेज करा, मी स्वतः शंभर जणांना पाठवतो.

भाचीला सार्वजनिक आरोग्य शिकायचंय. विषय तिनं पुस्तकातून निवडलेला नाही. तिची आई तेवीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात जर्दा, डाव्या हातात पान, आणि तर्जनीला दोऱ्यानं पडलेला चर, तो आता भरून येत नाही. रात्री खोकल्याची उबळ आली की घर जागं होतं. निपाणीत अशा किती बायका आहेत ते गल्लीत दहा पावलं चाललात तरी कळतं. त्यांच्या फुप्फुसांचं काय होतं हे नीट मोजून मांडणारं माणूस त्यांच्यातूनच आलं पाहिजे, असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

तिच्या काकांना मी काल भेटलो. वाईट माणूस नाही. त्यांनी मेसेज पूर्ण वाचलाही नव्हता, वरचा फोटो बघून पुढं ढकलला. मी त्यांना म्हणालो, पाव्हणं, तुमच्या मेसेजमुळं पोरगी फॉर्म सोडायला निघाली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, काय काय राहिलंय? मी सांगितलं: आडनावाचं प्रतिज्ञापत्र झालंय, दाखल्यांचं इंग्रजी करून घ्यायचंय, आणि निवड झाली तर बाँडला जामीन लागेल. एक मी आहे.

"दुसरा मला धरा," म्हणाले.

उद्या सकाळी आम्ही तिघं बेळगावला जाणार आहोत, भाषांतराची कागदं घेऊन.