हस्तांदोलनाचा हिशेब

पाकिस्तानशी सामना आला की घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, खेळायचंच कशाला? दुसरा म्हणतो, खेळात राजकारण नको, आणि पुरावा म्हणून आमच्याकडे बोट दाखवतो: तिकडे बघा, खेळ खेळाच्या जागी! मेलबर्नात बसून हे वाचताना मला दुसऱ्या तटाचाच जास्त राग येतो. असलं 'तिकडे' मला तरी इथे सापडलेलं नाही.

ऑस्ट्रेलियाचंच घ्या. तालिबाननं अफगाण मुलींचं क्रिकेट बंद पाडलं म्हणून २०२१ची होबार्ट कसोटी पुढे ढकलली, २०२३ची एकदिवसीय मालिका रद्द केली, २०२४ची टी-ट्वेंटी मालिकाही लांबणीवर टाकली. फार थोर. पण वर्ल्ड कपमध्ये वानखेडेवर मॅक्सवेलनं नाबाद २०१ केल्या त्या कोणाविरुद्ध? त्याच अफगाणिस्तानविरुद्ध, मालिका रद्द केली त्याच वर्षी. मालिकेपायी वर्ल्ड कपची पात्रता ठरवणाऱ्या सुपर लीगचे ३० गुण गेले, पण वर्ल्ड कपचा थेट प्रवेश शाबूत राहिला. ऑगस्ट २०२५मध्ये भारत सरकारनं पाकिस्तानबाबत जाहीर केलेलं धोरण याहून वेगळं कुठे आहे? द्विपक्षीय नाही, बहुराष्ट्रीय स्पर्धा चालेल. फरक एवढाच की इथे त्यावर टीव्हीवर घसे बसत नाहीत. प्रेस रिलीज निघतं आणि लोक बार्बेक्यूकडे वळतात.

जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०२३मध्ये पर्थ कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला गाझातल्या लोकांसाठी 'सगळ्यांचे जीव समान' असं लिहिलेले बूट घालू दिले नाहीत. त्यानं अक्षरांवर टेप लावली, दंडावर काळी फीत बांधली, त्याबद्दलही ताकीद खाल्ली. मेलबर्नला त्यानं बॅटसाठी कबुतराचं स्टिकर मागितलं. इथल्या बोर्डानं हो म्हटलं, आयसीसीनं नाही म्हटलं. त्याच संघात लाबुशेनच्या बॅटवर बायबलशी नातं सांगणारा गरुड होता, तो चालला. आणि मार्च २०१९ला रांचीत आपला संघ लष्करी टोप्या घालून उतरला, तेव्हा निधी उभारणीचं कारण दाखवून आगाऊ परवानगी मिळाली होती. म्हणजे अर्ज कोण करतो, यावर सगळं आलं.

तेव्हा राजकारण आहेच. पाकिस्तानात गृहमंत्री मोहसिन नक्वी स्वतःच क्रिकेट बोर्ड चालवतात, आपल्याकडच्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव आयसीसी चालवतात. मुंबईकरांना तर यात नवल वाटायलाच नको. २०११ला मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना हरवलं होतं. विचारायचा प्रश्न दुसरा आहे: भूमिका घेताना पदरचं काय मोडलं?

२००३च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड मुगाबेंच्या झिंबाब्वेत, हरारेला खेळायला गेलं नाही. चार गुण गेले, पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. जुलै २०२५मध्ये इंग्लंडमधल्या निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत आपल्या दिग्गजांनी पाकिस्तानविरुद्धचा साखळी सामना सोडला, मग उपांत्य सामनाही सोडला, आणि पाकिस्तान न खेळता अंतिम फेरीत गेलं. पटो न पटो, हिशेब चोख होता.

सप्टेंबर २०२५च्या आशिया कपचं काय? खेळलो, गुण घेतले, प्रक्षेपणाचा पैसा घेतला, आणि हस्तांदोलन तेवढं टाळलं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबच्या नियमांच्या प्रस्तावनेत सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानावेत असं म्हटलंय, पण न मानल्यास शिक्षा नाही. फुकटात होणारा निषेध तेवढा निवडला. पहलगामच्या हल्ल्यात गेलेल्या २६ जणांसाठी सामना सोडायचाच असता, तर १४ तारखेचा सोडणं किती महाग पडलं असतं? साखळीत दोन गुण. यूएई आणि ओमानला हरवून आपण चार गुणांवर दुसरे, म्हणजे सुपर फोरमध्ये असतोच. तिथेही पाकिस्तानला सोडून बांगलादेश आणि श्रीलंकेवरच्या विजयांचे चार गुण अंतिम फेरीला पुरले असते. खरी किंमत २८ तारखेला पडली असती, कप सोडायची. तो आपण जिंकला, आशियाई क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष असलेल्या नक्वींच्या हातून घेतला नाही, आणि न दिसणारा कप उंचावून फोटो काढले.

आता इथलं. आमच्या पश्चिम उपनगरांतल्या क्लबांत शनिवारी नाशिकचा आणि फैसलाबादचा एकाच संघातून सलामीला जातात. खालच्या ग्रेडला असोसिएशनचा अंपायर मिळत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे आळीपाळीनं उभे राहतात. चेंडू पॅडवर आदळला की लाहोरच्या माणसाला आपल्याच सांगलीच्या गड्यासाठी बोट वर करावं लागतं, आणि तो करतो. पॅव्हेलियनकडे परतताना गडी शिव्या घालतो, संध्याकाळी दोघं एकाच गाडीनं घरी जातात. हे अभिमानानं सांगावंसं वाटतं, आणि सांगताना जीभ जराशी अडखळते. आमच्या या मैत्रीला तरी कुठे काय मोल पडलंय? ऑक्टोबर २०२२ला एमसीजीवर भारत-पाक सामन्याला ९०,२९३ लोक होते. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ घेतलेले निळ्या टीशर्टवाले होते. भारतात मत नाही, कर नाही, सीमेवर घरचं कोणी नाही. तो सामना रद्द झाला असता तर तिकिटाचे पैसे बुडाले असते, बहुधा तेही परत मिळाले असते.

'तुला काय जातंय तिथून बोलायला' असं ग्रुपवर कोणी म्हटलं की माझ्याकडे उत्तर नसतं. पण १४ तारखेच्या दोन गुणांचं उत्तर अजून त्यांच्याकडूनही आलेलं नाही.