कटकट नको म्हणून

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारजण बोलत उभे होतो. विषय कमिटीच्या निवडणुकीचा. एक काका म्हणाले, "अहो ताई, कशाला हवी निवडणूक? एक खमका माणूस बसवा, सगळं तोच बघेल. आपल्या डोक्याला कटकट नको." बोलता बोलता गाडी देशावर गेली. "आणीबाणीत बघा, रेल्वे कशी वेळेवर धावायची!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी काहीच बोलले नाही. ते गप्प बसणं आठवडाभर छळतंय, म्हणून आज लिहिते.

मी जेलरोडची. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या भागाचं नावच ते आहे, तुरुंगावरून पडलेलं. स्टेशन आणि तुरुंग, दोन्ही नाशिकरोडलाच. त्यामुळे त्या वेळेवर धावणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की मला त्यांतून उतरणारी माणसं आठवतात. 25 जून 1975 च्या रात्री लागलेली आणीबाणी 21 मार्च 1977 ला उठली. त्या काळात मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, धरलेले कितीतरी लोक इथल्या तुरुंगात होते. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. एका दुपारी एक बाई आमच्या दारात पाणी मागायला थांबली. नवऱ्याच्या मुलाखतीला आली होती. कडेवर पोर, हातात फडक्यात बांधलेला डबा. आईनं तिला आत बोलावलं, चहा टाकला. "कधी सुटतील?" आईनं विचारलं. ती फडक्याची गाठ सोडत राहिली, परत बांधत राहिली. खटलाच नव्हता, मग सुटकेची तारीख कोण सांगणार? पोरगं आमच्या फरशीवर झोपून गेलं होतं, एवढं मला लख्ख आठवतं.

गाड्या वेळेवर आल्याही असतील. त्याची किंमत त्या बाईनं मोजली. ज्यांच्या घरातलं कुणी आत नव्हतं, त्यांना ते दिवस शिस्तीचे वाटले.

28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आणीबाणीत असं डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. पाचपैकी चार न्यायमूर्ती एका बाजूला, एकटे एच. आर. खन्ना विरोधात. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं. आज आपण ज्या भरवशावर रात्री झोपतो, त्याच्यासाठी कुणीतरी आपली खुर्ची घालवलेली आहे.

आणि नाशिककरांना तर हे लांबून कुणी सांगायला नको. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिरासमोर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. समोर बंद दरवाजे. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. ज्यांनी भाग घेतला त्यांचे रस्ते अडवले, बाजारात माल देईनात, मुलांना शाळेतून काढलं. तरी काही वर्षं ही माणसं मागे हटली नाहीत. घरी बसले असते तर दगड बसले नसते, हे खरंच. पण मग तोच बंद दरवाजा नातवंडांच्याही वाट्याला आला असता, आणि त्यांना तो दरवाजा बंदच असतो असं वाटलं असतं. मला गुलामीची खरी भीती वाटते ती इथे. तिचा त्रास कमी नसतो, अंगवळणी पडलेला असतो, आणि वारसाहक्कानं पुढे जातो.

स्वातंत्र्य सांभाळायचा वैताग मलाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीचे हिशेब बघायला मागितले. हक्क आहे सभासदाचा. तीन महिने "बघू", "पुढच्या महिन्यात". लिफ्टमध्ये मला बघून लोक मोबाईल काढायला लागले. त्या दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं नाही, आणि ते मला खूप लागलं, खोटं कशाला सांगू. रात्री वाटायचं, मेंटेनन्स भरावा आणि गप्प राहावं. माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्याला, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणाऱ्याला असंच वाटत असणार. तो थकवा खरा आहे. मात्र तो माझा मी निवडलेला थकवा होता, आणि नको झाला की मी थांबू शकत होते. त्या बाईच्या हातात थांबणं किंवा न थांबणं, काहीच नव्हतं.

आज सकाळी काकांच्या घरी जाऊन मी डब्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकूंना म्हणाले, "ताईंना चहा टाक." येत्या रविवारी दहाला पार्किंगमध्येच सर्वसाधारण सभा आहे. हिशेबाच्या झेरॉक्स मी काढल्यात, एक त्यांच्यासाठी ठेवून आले.