निळ्या दिव्याचा मच्छर ट्रॅप: एक खुलासा

नेरुळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: निळ्या दिव्याचा ट्रॅप लावा, डेंग्यू विसरा, खिडक्यांच्या जाळ्याही काढून टाका. असा ट्रॅप आमच्या हॉलमध्ये आहे. सकाळी खालचा ट्रे उघडला की चिलटं, पाकोळ्या, पावसाळी किडे भरपूर. डास मात्र शोधावा लागतो. ट्रे भरलेला दिसला की माणूस खूश! (विकणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.)

चावते ती फक्त मादी. ती आपल्याला शोधते श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून. पलंगावर माणूस झोपलेला असताना ती दिव्याकडे कशाला जाईल? अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये दिव्याच्या सापळ्यांत मेलेले १३,७८९ किडे मोजले गेले, तो अभ्यास १९९६ चा. त्यांत चावणारे निघाले ३१. ते सापळे घराबाहेरचे, शॉक देणारे होते हे खरं, पण आमिष तेच.

डेंग्यूचा एडिस तर दिवसाढवळ्या चावतो. त्याची पैदास मनी प्लांटच्या बाटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून भांडं आतून घासायचं; अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

ट्रॅप घेतलाच असेल तर चालू द्या. जाळ्या मात्र काढू नका.