खिडकीजवळची खुर्ची

परवाच्या सराव पेपरात सीसॅटचे, म्हणजे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या आकलन-तर्काच्या पेपराचे, सहा प्रश्न चुकले. सहाही एकाच जातीचे : ‘वरील युक्तिवादातील त्रुटी ओळखा.’ ८० प्रश्न, २०० गुण, पास व्हायला ३३ टक्के पुरतात. ‘पुरतात’ हे ज्यांना पडतात ते म्हणतात. बरोबर आलं तर अडीच गुण, चुकलं की वर पाव भाग कापतात.

पद्धत पाठ आहे हो. आधी निष्कर्ष शोधायचा, मग त्याला दिलेलं कारण, आणि पर्याय न बघता मधलं भगदाड आपल्या शब्दांत सांगायचं. पर्यायांत एक हमखास खऱ्याखुऱ्या चुकीचं वर्णन करणारा असतो. फक्त ती चूक समोरच्या बिचाऱ्या युक्तिवादाने केलेलीच नसते. मी नेमका त्याचाच गोल काळा करतो.

तशाच तिरसट डोक्याने अभ्यासिकेत शिरलो, तर काका पावतीपुस्तक घेऊन दारातच.

“खिडकीजवळची खुर्ची आता राखीव. शंभर जास्त.”

“का?”

“तिथे बसणाऱ्या तिघांनी सरकारी पोस्ट काढली.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला! भगदाड एवढं, की आतून रिक्षा जावी.

“आणि तिथे बसून नापास किती झाले?”

“नापास झालेले पेढे घेऊन येतात का? मला कसं कळणार?”

“बरं, बाकीच्या खुर्च्यांवरून किती लागले?”

“ते कोण मोजतंय!”

“अहो, ती जागा पकडायला पहाटे पाचला यावं लागायचं. पाचला उठणारा जिन्यात बसला तरी पास होईल.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “तू कितीला येतोस?”

“दहाला.”

“मग?”

या ‘मग’ला चारही पर्यायांत उत्तर नाही. मी फणकारलो, “तुम्ही स्वतः दिलीत का कधी परीक्षा?” मुद्दा सोडून माणसावर घसरणे : चुकलेल्या सहापैकी चौथा प्रश्न.

बाहेर चौकात एकाच मुलीचा फोटो तीन क्लासेसच्या फ्लेक्सवर आहे. तिघांचाही दावा, आमच्यामुळेच. तिथे त्रुटी ओळखायला कुणी सांगत नाही, आणि फी मात्र घरचे भरतात. पाव भाग कापायचाच तर तिथे कापा की!

शंभर रुपये दिले. उकाडा होता, वारा तिथेच येतो. खुर्चीचा मागचा पाय हलतो, खाली पुठ्ठ्याची घडी लावावी लागते.

काल तिथे बसून पेपर सोडवला. सहाऐवजी चारच चुकले. काकांना सांगितलेलं नाही.