पोपटचे दात

आमच्या कुत्र्याचं नाव पोपट. मुलगी चार वर्षांची असताना तिला पोपट पाहिजे होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही, हे मी तिला आठवडाभर समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढे घरात आलेल्या लॅब्राडॉरच्या पिल्लाचं नाव पोपट ठेवून टाकलं. तेव्हापासून जनावरांच्या दवाखान्यात कम्पाउंडर दार उघडून "पोपट कोणाचा?" असं ओरडतो आणि भरलेल्या बाकावरून मी गुपचूप हात वर करतो.

पोपट आता तीन वर्षांचा आहे. रंग सायीसारखा पिवळट, वजन 41 किलो. गेल्या दिवाळीपर्यंत आमचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी सकाळी आठ रस्ता चौकात घात झाला. या चौकाला नावाप्रमाणे आठ रस्ते फुटतात आणि पोपट रोज नववा शोधतो. तो शोध चालू असताना एक जर्मन शेफर्डवाले गृहस्थ थांबले. त्यांनी पोपटभोवती एक प्रदक्षिणा घातली, शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "भौ, याची बॉडी शोवाली आहे. जानेवारीत डॉग शो आहे आपल्या इथे. उतरवा ना याला."

आमच्या घराण्यात आजवर कोणाच्याच बॉडीला कोणी शोवाली म्हटलेलं नाही. मी घरी पोहोचेपर्यंत पोपटला बेस्ट इन शो मिळालेलं होतं, फक्त फॉर्म भरायचा राहिला होता.

इथे एक जुनं दुखणं सांगायला हवं, नाहीतर एवढ्यावर हा माणूस का पेटला ते कळणार नाही. नागपूरकरांना तान्हा पोळा सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, त्यांची रांग लागते, परीक्षक येतात, नंबर काढतात. नंतर पोरं तोच बैल ओढत घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. 1986 साली माझ्या बैलाला मी आईच्या जुन्या शालूच्या काठाची झूल, खऱ्या घुंगरांची माळ आणि बेगडाची शिंगं केली होती. पहिला नंबर आला मंडळाच्या अध्यक्षांच्या भाच्याचा. त्याच्या बैलाला एक चाक नव्हतं. मला उत्तेजनार्थ कंपास पेटी मिळाली, त्यात करकटक नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही जनावराला रांगेत उभं करून नंबर काढत असतील, तर माझ्या पोटात खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून आशाही उगवते.

म्हणून मी आधी अभ्यास केला. जगातला पहिला रीतसर डॉग शो 1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला भरला. साठेक कुत्रे, तेही फक्त पॉइंटर आणि सेटर, आणि बक्षीस म्हणून बंदुका. आता गंमत पाहा. पॉइंटरमध्ये पहिला आला तो सेटरच्या परीक्षकाचा कुत्रा, आणि सेटरमध्ये पहिला आला तो पॉइंटरच्या परीक्षकाचा. मी हे वाचून खुर्चीतून उठलोच. म्हणजे अध्यक्षांचा भाचा ही काही नागपूरची पैदास नव्हे. त्या बंदुका कोणाच्या घरी गेल्या ते पाहता, हरलेले लोक गप्प का बसले असतील तेही समजण्यासारखं आहे.

कागदपत्रांची बाजू आमची भक्कम निघाली. पिल्लू घेताना विकणारा म्हणाला होता, "विदाऊट पेपर घ्या, स्वस्तात जाईल." पण मी पावती जपणारा माणूस आहे, पेपरवालंच घेतलं. त्यामुळे पोपटकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचं चेन्नईहून आलेलं प्रमाणपत्र आहे, मानेत मायक्रोचिप आहे, आणि आईबाप, आजे-पणजे असे पूर्वज छापील अक्षरांत आहेत. त्याचं कागदोपत्री नाव चार शब्दांचं, इंग्रजी आणि मध्ये 'ऑफ' असलेलं आहे. पूर्वजांपैकी दोन चॅम्पियन. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारून घ्यावं लागतं, आणि ते चॅम्पियन नव्हते एवढं नक्की.

मग ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे या जातीचा कुत्रा कसा असावा याचा नियम, वाचलं. हे प्रकरण म्हणजे वधूवर सूचक मंडळाच्या अपेक्षांचा तक्ता. डोळे तपकिरी किंवा पिंगट. शेपूट पाणमांजरासारखी, बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, झुपके चालणार नाहीत. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे नेमके बसलेले. आणि नराची उंची खांद्याशी 56 ते 57 सेंटिमीटर. एवढंच! एका सेंटिमीटरच्या फटीत अख्खा लॅब्राडॉर बसवायचा.

भिंतीवर मुलीची उंची मोजायच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्यांच्या शेजारी पोपटला उभा केला. पहिल्यांदा 55 भरली, कारण तो कंटाळून पाय फाकवून उभा होता. दुसऱ्यांदा 58, कारण स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा टेप सापडेना. तो पोपटच्या तोंडात होता. मी पहिल्या दोन आकड्यांची सरासरी काढली, साडेछप्पन. मुलगी म्हणाली, "बाबा, असं सायन्समध्ये नाही चालत." मी म्हटलं, "हे सायन्स नाही, शो आहे."

राहिलं वजन. स्टँडर्डमध्ये वजनाचा आकडा नाही, हे मी हिला मोठ्या आनंदाने सांगितलं. "आकडा नसेल, परीक्षकाला डोळे तर असतील," ही म्हणाली. मग मी 2016 सालचं केंब्रिजचं संशोधन काढलं: साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जीनचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते. बिचाऱ्याचा काही दोष नाही. हिने माझ्या ताटातल्या तिसऱ्या पुरणपोळीकडे पाहिलं आणि विचारलं, "तो तुकडा तुमच्याकडच्यांचाही गायब आहे का?"

मूळ हा कुत्रा न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यातला. जाळ्यातून निसटलेले मासे धरायचा, दोर ओढायचा. पाणी आत शिरू नये म्हणून अंगावर दुहेरी केस. असा प्राणी आपण नागपुरात आणतो, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पोपट एप्रिल ते जून कूलरसमोर पसरलेला असतो, टपातून गळणाऱ्या पाण्यात एक पंजा बुडवून. त्याच्या पूर्वजांच्या जलकौशल्यातलं तेवढंच शिल्लक आहे. फुटाळ्यावर नेलं तर तो तलावाकडे पाठ करून मक्याच्या कणसाच्या गाडीकडे तोंड करतो.

यापुढची अडचण जरा नाजूक आहे. आमच्या डॉक्टरांनी पोपटच्या नसबंदीसाठी डिसेंबरची तारीख दिली होती, कारण समोरच्या गल्लीतली एक तपकिरी कुत्री दिसली की पोपट साखळीसह मला घेऊन जातो. पण या शोमध्ये नराची ती जोडी जागच्या जागी आहे ना, हे परीक्षक चक्क हाताने तपासतो. त्यामागे तर्क आहे: पुढची पैदास कोणाकडून करायची हे निवडायलाच तर हे शो सुरू झाले. म्हणजे शो हवा तर डिसेंबर रद्द, डिसेंबर हवा तर शो रद्द. जेवणाच्या टेबलावर या विषयाला आम्ही "डिसेंबर" म्हणायला लागलो. आई दोन दिवस विचारत होती, डिसेंबरात कोणाचं लग्न आहे?

तरी मी सराव सुरू केला. शोमध्ये दोन गोष्टी लागतात. एक, स्टॅक. म्हणजे चारही पाय नेमक्या जागी, मान वर, शेपूट ताठ, पुतळा. दुसरी, हँडलरबरोबर, म्हणजे रिंगमध्ये कुत्र्याला धरून फिरवणाऱ्याबरोबर, लयीत दुडक्या चालीने गोल पळणं. पोपटला दोन्ही येतं, पण एकाच परिस्थितीत, आणि ती परिस्थिती म्हणजे चौकातली तर्री पोह्याची गाडी. गाडीपासून पन्नास पावलांवर त्याची चाल अशी काही सुंदर होते की परीक्षकाने रडावं. गाडीपाशी आला की पुतळा. पोहेवाला भाऊ म्हणाला, "साहेब, मैदानात माझी गाडीच लावून देतो ना." मी खरोखर दोन मिनिटं त्यावर विचार केला.

अनुभवी हँडलर उकडलेली कलेजी मुठीत ठेवतात असं जर्मन शेफर्डवाल्यांनी सांगितलं. आमच्या घरात अंड्याचं भांडंही गॅलरीत राहतं. कलेजीचा विषय काढला तेव्हा आईने नुसतं देवघराचं दार लोटून घेतलं.

आणि दात. अनोळखी माणसाने ओठ वर करून दात पाहिले तरी कुत्र्याने शांत उभं राहायचं असतं. अनोळखी माणूस म्हणून मी समोरच्या काकांना बोलावलं. पोपटला काका फार आवडतात. काकांनी वाकून त्याचा ओठ धरला, तर पोपटने त्यांचं नाक चाटलं, मग चष्मा चाटला, मग चष्मा नेला. काका म्हणाले, दात चांगले आहेत. त्यांच्या चष्म्याच्या काडीवर पुरावाही होता.

हा गोंधळ आई झोपाळ्यावरून बघत होती. मला वाटलं, आता ही मुक्या जनावराची बाजू घेणार, मला झापणार आणि विषय संपणार. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तिनेच नाही म्हटलं असतं तर माझी सुटका होती.

"काहून रे," ती म्हणाली, "दात पाहतात, चालवून पाहतात, उंची पाहतात. अजून काय पाहतात?"

"डोळे, शेपूट, केस. आणि... डिसेंबर."

"मला 1968 मध्ये उमरेडला पाहायला आले होते, तेव्हा हेच होतं सगळं. तुझ्या आजोबांनी दारापासून तुळशीपर्यंत चालायला लावलं. आत्याबाईंनी वेणी ओढून पाहिली, खरी आहे का म्हणून. सुपारी फोडायला दिली, दात मजबूत आहेत की नाही ते पाहायला."

मी अगदी ओशाळलो. म्हटलं, "आई, किती वाईट."

"वाईट काय त्यात? पहिल्याच फटक्यात पास झाले मी." आई झोपाळ्यावरून उतरली. "तुझ्या बाबांनी त्याआधी सात पोरी नापास केल्या होत्या. तू याला शिकवून राहिला ते सगळं चुकीचं आहे. तू त्याच्याकडे पाहतो. ज्याला पाहायचं असतं त्याने पाहावं, आपण समोर पाहायचं. आण तो दोर इकडे."

दोर नाही, शो लीड, साडेसातशे रुपयांची. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आईने स्वयंपाकघरातून तूप लावलेल्या पोळीचा चतकोर आणला, त्याचे नखाएवढे तुकडे करून डाव्या मुठीत धरले आणि पोपटला अंगणात नेलं. दारापासून तुळशीपर्यंत. तुळशीपाशी ती थांबली, पोपट थांबला. तिने मान वर केली. त्यानेही केली. चारही पाय जागच्या जागी, शेपूट ताठ, पाठ पाटासारखी सपाट. काका चष्मा पुसत बाहेर आले आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले. आईने पोपटचा ओठ वर केला. कात्रीसारखे, एकावर एक, स्वच्छ पांढरे दात. तो हललाही नाही. फक्त त्याच्या लाळेची एक तार हळूहळू खाली उतरत होती, ती थेट आईच्या मुठीखाली.

गेल्या पंधरवड्यापासून हे रोज चाललं आहे. वजन 38 वर आलं आहे, पोपटचं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि रिंगमध्ये पळावं लागतं, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, पळायचं कुत्र्याने असतं. ही म्हणते, डॉक्टरांची तारीख पुढे ढकलायची की नाही ते एकदाचं सांगा. मुलीने वर्गात सांगून टाकलं आहे की आमचा पोपट स्पर्धेत आहे. आता तिच्या बाईंना वाटतं की तो बोलणारा आहे. जर्मन शेफर्डवाले रोज चौकात विचारतात, "भरला का फॉर्म?" मी रोज म्हणतो, आज भरतो.

फॉर्म टेबलावर आहे. काल रात्री पेन घेऊन बसलो. पाहतो तर वरचे सगळे रकाने कोरे, आणि खाली हँडलरच्या नावापुढे आईने थरथरत्या पण मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहून ठेवलेलं. माहेरचं.

आज सकाळी सहाला अंगणात धुकं होतं. आईने लुगड्याचा पदर खोचलेला, पायात नातीचे गुलाबी स्पोर्ट्स शूज. दारापासून तुळशीपर्यंत दोघं गेली, वळली, थांबली. मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो. आईने समोर पाहतच, मान न वळवता विचारलं, "परीक्षक कुठला आहे रे? त्याला हिरवी पैठणी दिसेल का लांबून?"