गॉल्गी पिंड म्हणजे आमचा मोंढा

पेशीतल्या भागांना पोस्ट ऑफिस, कलेक्टर ऑफिस, वीजघर अशा उपमा देणारा तुमचा लेख छान आहे, पण गॉल्गी पिंडाला, म्हणजे प्रथिनांची वाटणी करणाऱ्या पेशीतल्या भागाला, पोस्ट ऑफिस म्हटलंत ते आमच्या लातूरकडच्या लेकरांच्या पचनी पडत नाही. पोस्टात पाकीट आलं तसंच पुढं जातं. गॉल्गीत आंतर्द्रव्यजालिकेतून (प्रथिनं बनतात त्या पेशीतल्या जाळ्यातून) आलेल्या प्रथिनांवर आधी काम होतं, साखरेचे रेणू जोडले-छाटले जातात, मगच वाटणी. म्हणून मी वर्गात मोंढाच, म्हणजे धान्याचा घाऊक बाजारच, सांगते. सोयाबीन आडतीवर उतरतं, चाळणी होते, ओलावा बघतात, पोतं शिवून मार्का पडतो, आणि मार्का बघूनच हमाल पोतं कुठल्या ट्रकात टाकायचं ते ठरवतो. पेशीतही मार्का असतो बरं का! लयकारिकेत, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीत, जाणाऱ्या विकरांवर (पचनाचं काम करणाऱ्या प्रथिनांवर) मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागते. ती लावणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असली, तर ही विकरं लयकारिकेऐवजी पेशीबाहेर जातात. आय-सेल नावाचा गंभीर आजार होतो तो यामुळंच.

केंद्रकाला, म्हणजे पेशीचा कारभार चालवणाऱ्या भागाला, कलेक्टर ऑफिस म्हणताना मात्र जरा जपून. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, तरी ती सुमारे १२० दिवस रक्तात फिरते. (ऑफिसावाचूनही जिल्हा चालतोच, असं म्हणणारे आमच्याकडं पैशाला पासरी भेटतील, ते सोडा.) केंद्रकावाचून नवं प्रथिन बनवायची सोय नसल्यामुळं झीज भरून निघत नाही, एवढंच.

तंतुकणिकेला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला, वीजघर म्हणा, हरकत नाही. फक्त तिच्यात स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो, हे लेखात राहिलं. जमल्यास तेवढं घाला.