परदेशातून: आईच्या रिपोर्टची पिशवी

घरच्या ग्रुपवर परवापासून एकच वाद करून राहिले सगळे. भाऊजी म्हणतात नागपूर मेडिकल हब झालं, धंतोली-रामदासपेठेत काय नाही ते सांगा, मिहानला एम्स आहे, अजून दोन सुपरस्पेशालिटी आले की विषय संपला. चुलतभाऊ म्हणतो नाही, इंग्लंडसारखं पाहिजे, सगळं फुकट. आणि दोघंही मलाच टॅग करतात, जसं काही एनएचएस, म्हणजे इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा, मीच चालवतो.

फुकट म्हणे! इथे लेस्टरला सकाळी आठच्या ठोक्याला जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन लावा, रांगेत चौदावे आहात हे ऐका, नंबर लागेपर्यंत आजच्या अपॉइंटमेंट संपलेल्या. पण हे ग्रुपवर नाही लिहीत मी, काहून आपलीच इज्जत काढायची.

चांगलं काय, तर माझी फाइल जीपीकडे आहे, हॉस्पिटलची चिठ्ठीही तिथेच जाते. तरी २०२२ मध्ये इंग्लंडचे ४२ भाग पाडून जीपी, हॉस्पिटल आणि कौन्सिलची देखभालवाली माणसं एका टेबलावर बसवायचा घाट घातलाच, कारण म्हातारे बरे होऊनही वॉर्डात पडून राहतात, घरी बघायला कोणी नसतं म्हणून सुट्टी होत नाही. अजून चार मजले चढवून हे सुटत नाही, भाऊजी.

आईची फाइल म्हणजे हल्दीरामची पिशवी. मागच्या खेपेला ती मी पलंगावर उपडी केली तर हार्टवाल्यानं आणि शुगरवाल्यानं बीपीची एकच गोळी दोन नावांनी लिहिलेली, आई इमानेइतबारे दोन्ही घेत होती आणि चक्कर आली की म्हणायची ऊन लागलं. मे महिना, आम्हालाही पटायचं. डॉक्टर दोघंही हुशार, पण पिशवी कोणीच उघडत नव्हतं.

आणि हे गोऱ्यांकडून शिकायचंय असंही नाही. एनएचएस सुरू झालं १९४८ ला, त्याच्या दोन वर्षं आधी आपल्याकडच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं लिहून ठेवलं होतं की खिशात पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि गावच्या केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत साखळी हवी. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्यानं गावातल्याच बायांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं, त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. नागपूरहून तीन-चार तासांवर आहे हे. ग्रुपवर कोणी नाव काढलं? आशाताईचं मानधन थकलं की मोर्चा निघतो, तेव्हा हेच लोक ट्रॅफिकच्या नावानं ओरडतात.

हे सगळं टाइप करून पाठवणार, तेवढ्यात आईचा फोन. आशाताई आली होती म्हणे, तिशीच्या वरच्यांचा तब्येतीचा फॉर्म भरायला, घरात कोण कोण विचारलं. मी तुझंही नाव सांगितलं. अगं, मी तीन वर्षांत आलो नाही, म्हटलं. तिनंही विचारलंच, इथे राहतो का म्हणून, आई म्हणाली.

मग काय सांगितलंस?

येतो म्हटलं.